तसबीर तरंगत राहिली

होडीत चढण्याआधी सरांनी आम्हाला वाळूवर उभं करून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावली होती. पाण्यात काहीही टाकायचं नाही. वेफर्सचं पाकीट नाही, गोळीचा कागद नाही, संत्र्याची सालसुद्धा नाही. "आपण त्यांच्या घरी पाहुणे म्हणून चाललोय," सर म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत तेव्हा एक देवी होती आणि ती मला खोल पाण्यात सोडायची होती.

ती पिशवी माझ्याकडे कशी आली ते आधी सांगायला हवं.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. आता तिथे पत्रे लागलेत, टॉवर होणार आहे. पण गेल्या हिवाळ्यापर्यंत चाळ होती आणि आमच्या शेजारच्या खोलीत काकू राहायच्या. नात्याच्या नव्हेत, मजल्यावरच्या. मूळच्या मालवणकडच्या, आमच्यासारख्याच. आई डबे करते. आमच्या खोलीत पहाटेपासून कुकर, मिक्सर आणि डबे नेणाऱ्यांची घाई असायची. दहावीला मला अभ्यासाला जागा नव्हती, तेव्हा काकू म्हणाल्या, "माझ्याकडे येऊन बस गो. माझी काय भुतां नाचतत हय?" तेव्हापासून बारावी संपेपर्यंत आणि कॉलेजात गेल्यावरही मी त्यांच्या खोलीत बसून अभ्यास केला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यात त्या खोलीचा वाटा किती हे मला माहीत आहे.

त्या खोलीत, माझ्या समोरच्या भिंतीवर, देवीची मोठी तसबीर होती. वाघावर बसलेली अष्टभुजा, भोवती चार बोटं रुंदीची जाड लाकडी चौकट. काकूंचे यजमान मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची ती याच तसबिरीसमोर. मिल बंद पडली तेव्हा बाकीचे लोक आपापल्या हिशेबामागे धावत होते आणि काका ही तसबीर बगलेत मारून घरी आले, असं काकू सांगायच्या. सांगताना दर वेळी थोड्या हसायच्या, थोड्या रागवायच्या. "हिशेब काय मिळाला नाय, पण ही मिळाली." काका मी लहान असतानाच गेले. मला ते आठवत नाहीत. तसबीर मात्र इतकी पाठ आहे की रसायनशास्त्राची काही सूत्रं आठवताना मला अजूनही आधी वाघाची शेपटी दिसते.

चाळ खाली करायची नोटीस आली. काकू डोंबिवलीला मुलाकडे जाणार होत्या. सामान बांधताना तसबीर खिळ्यावरून निसटली आणि काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेला. तडा गेलेला देव घरात ठेवत नाहीत, असं मजल्यावरच्या सगळ्या बायकांनी एकमुखानं सांगितलं. काच बदलता आली असती, हे तेव्हा कोणी म्हणालं नाही. मीही नाही. मुलाच्या घरी हॉलमध्ये टीव्हीशेजारी छोटा संगमरवरी देव्हारा आहे आणि सूनबाईंनी भिंतींना नुकताच रंग दिलाय, हे काकू एकदा आईला सांगताना मी ऐकलं होतं. तड्याचं कारण त्यांना बरं पडलं असावं. हे मला नंतर सुचलं.

मी समुद्रात जाणार हे आईनं मजल्यावर कौतुकानं सांगितलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी काकू गॅलरीत माझी वाटच बघत होत्या.

"गो, तू उद्या समुद्रात जातंस मा?"

"हो काकू. कॉलेजचा निसर्ग मंडळाचा कार्यक्रम आहे. डॉल्फिन बघायला."

"म्हणजे ते मोठे मासे."

"मासे नाहीत ते काकू. ते आपल्यासारखेच, म्हणजे पिल्लांना दूध पाजतात."

"पाण्यात ऱ्हवता आणि मासो नाय? मगे काय, बोको?"

आई आतून हसली. मीही हसले. मग काकू म्हणाल्या, "होडी खोल पाण्यात जातली मा?"

"थोडी आत जाईल."

"मगे हिका घेऊन जा."

मला कळलं, पण न कळल्यासारखं करून मी म्हटलं, "काकू, दादरला चौपाटीवर ठेवायची सोय असते ना. तिथे पालिकेचे लोक नीट नेतात."

"थंय खत करतत. माझ्या देवीचा खत करून खयच्या तरी बागेत घालतले."

"तसबिरीचं खत कसं होईल, काच आहे तिला," आई म्हणाली.

"म्हणूनच सांगतंय. फुलांचा खत तरी होता. हिची रद्दी होतली. आणि थंय पाण्यात सोडली तर सांजच्या भरतीबरोबर परत वाळूत. कुत्रे हुंगतत." काकूंचा आवाज एकदम खाली गेला. "खोल पाण्यात गेली म्हणजे माका बरा वाटात."

मी त्या वेळी नाही म्हणायला हवं होतं. मला सांगता आलं असतं. समुद्रातल्या कचऱ्यावर मीच एक भित्तिचित्र केलं होतं, कॉलेजच्या जिन्यात लावलेलं. पोटात प्लॅस्टिक गेलेलं कासव, बाटलीत अडकलेला खेकडा. रंग भरायला काकूंनी त्यांचा दिवा जवळ ओढून दिला होता, आणि ते चित्र मी याच तसबिरीखाली बसून पुरं केलं होतं. पण काकूंना हे कोणत्या शब्दांत सांगायचं? तुमची देवी म्हणजे कचरा, असंच ते ऐकू आलं असतं.

"ने ग," आई म्हणाली. "कॉलेजला एवढी जाड पुस्तकं नेतेस, त्यात हे काय जड?"

रात्रीचं जेवण होण्याआधी काकूंनी तसबीर पुन्हा खिळ्यावर टांगली आणि देवीला निरोप दिला. हळदकुंकू वाहिलं, खोबऱ्याचा आणि साखरेचा नैवेद्य दाखवला. मजल्यावरच्या बायका जमल्या, आरती झाली. मग काकूंनी अक्षता टाकल्या आणि तसबीर जागेवरून जराशी हलवली. एकदा अशी हलवली की ती गेली. ती त्या घरात परत येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे, गणपतीत दर वर्षी बघितलेलं आहे. भिंतीवर तिच्या जागी चौकोनी हिरवा रंग उरला, बाकीच्या भिंतीपेक्षा नवा. काकूंनी तसबीर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"फटकन टाकून देव नको हां. दोन्ही हातांनी सोड. हात जोड. आणि मागे बघू नको."

सकाळी कफ परेडच्या मच्छीमार नगरात आम्ही जमलो. बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते. त्या वासानं बरोबरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. मला तो वास पावसाळ्यात आमच्या घरी डब्यातून येतो तसा, ओळखीचा आला. तरी मीही रुमाल लावला. ही एक छोटी गोष्ट, पण त्या दिवशी मी माझं ओळखीचं लपवायला लागले ते तिथूनच असं वाटतं.

माझ्या वर्गातली मैत्रीण माटुंग्याला राहते, तिच्याकडे स्वतःची दुर्बीण आहे. तिनं माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, "हे एवढं काय आणलंस ग? ड्रॉइंग बोर्ड?"

"थोडं सामान आहे," मी म्हटलं.

नारिंगी लाइफ जॅकेट घालून एकेकजण होडीत चढत होता. होडीचा मालक, ज्याला सगळे नाखवा म्हणत होते, काठाशी गुडघाभर पाण्यात उभा राहून प्रत्येकाला हात देत होता. माझी पिशवी त्यानं आधी घेतली. चौकट हाताला लागली असेल, आणि लुगड्यातून कुंकू झिरपून पिशवीवर लाल डाग आला होता. तो इंजिनाच्या आवाजावर ओरडला, "विसर्जन हाय काय गो? मग आधी नाय सांगायचं? जरा पुढं गेलो का थांबवतो होडी. आरामात सोड."

मग मागून एक मुलगा म्हणाला, "विसर्जन? गणपती कधीच गेले ना यार." दोघं-तिघं हसले. वाईट हसले नाहीत. मैत्रिणीनं काही विचारलं नाही, फक्त पिशवीसाठी जागा करायला ती जरा सरकली.

किनारा मागे पडला, उंच इमारती एका ओळीत छोट्या होत गेल्या. सर माझ्याजवळ येऊन बसले. आमचे सर फार सौम्य आहेत. वर्गात कोणाचं उत्तर चुकलं तरी ते आधी "छान प्रयत्न" म्हणतात.

"घरचं आहे का?" त्यांनी हळू विचारलं.

"शेजारच्या काकूंचं, सर."

"मूर्ती?"

"तसबीर. जुनी आहे."

सर पाण्याकडे बघत राहिले. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी नाही म्हणावं. सरांनी नाही म्हटलं असं मी काकूंना सांगितलं असतं आणि काकूंनी ऐकलं असतं. मास्तरांचं म्हणणं त्या खाली पडू देत नाहीत. माझ्या हातून सुटका झाली असती. पण सर म्हणाले, "खरं तर आपला नियम आहे. पण तुमच्याकडे या गोष्टी असतात, मी समजू शकतो. आता आणलंच आहेस तर करून टाक. फक्त प्लॅस्टिक नको हं."

तुमच्याकडे. त्यांनी तो शब्द प्रेमानंच वापरला. तरीही मला तो अंगावर ओल्या कपड्यासारखा जाणवला. मैत्रिणीनं संत्र्याची साल टाकली असती तर सर तिला रागावले असते, कारण तिला कळायला हवं होतं. मला कळावं अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. माझ्यासाठी नियम सैल झाला होता. मी कॉलेजात आल्यापासून कोणी मला वेगळं वागवू नये म्हणून धडपडत होते आणि त्या सकाळी मला वेगळं वागवलं गेलं, तेही किती चांगुलपणानं. मी "थँक्यू सर" म्हटलं.

पुढे गेल्यावर नाखव्यानं इंजिन बंद केलं. होडी डुलायला लागली. सरांनी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि इमारतींकडे बघायला लागले, आंघोळ करणाऱ्या माणसाकडे पाठ करतात तसे. नारिंगी पाठींची ती ओळ मला अजून दिसते.

मी तिच्यावरचं लुगडं उलगडलं. ते ठेवून घेतलं. तसबीर दोन्ही हातांनी धरून वाकले आणि पाण्यात सोडली. ती क्षणभर खाली गेली. वाघ, आठ हात, कुंकू, सगळं हिरवट झालं. मी हात जोडले. मागे बघायचं नाही म्हणून वळणार, तोच ती वर आली. तोंड आकाशाकडे करून, शांतपणे, ती पाण्यावर तरंगत राहिली.

लाकूड पाण्यावर तरंगतं हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

"दगड नाय बांधला?" नाखवा म्हणाला. या वेळी त्यानं आवाज खाली ठेवला, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मी वाकून हातानं तिला खाली दाबायचा प्रयत्न केला. हो, मी देवीला हातानं पाण्याखाली दाबलं. ती हाताखालून निसटली आणि होडीपासून आणखी लांब गेली.

तेवढ्यात मैत्रीण पुटपुटली, "ते बघा, ते बघा."

सगळे वळले. सुरुवातीला मला काहीच दिसलं नाही. मग आवाज आला. काकू दिवसभराच्या कामानंतर पाटावर बसताना हुश्श करतात, तसा श्वास पाण्यातून कोणी तरी सोडला. राखाडी, मधोमध उंचवटा असलेली एक पाठ वर आली आणि गोल फिरून आत गेली. मग दुसरी, किंचित गुलाबी. तिच्या अगदी कुशीला लागून एक लहान पाठ, गडद, घाईघाईनं वर येणारी. समुद्र सपाट होता. वाट बघून कंटाळलेली ती सगळी मुलं एकदम देवळात आल्यासारखी झाली होती.

"मध्ये काय येतंय ते?" आमच्याहून एक वर्ष पुढचा, मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेऊन आलेला मुलगा म्हणाला.

"कचरा असेल," कोणी तरी म्हणालं.

त्यानं लेन्स फिरवली. "नाही, देवीचा फोटो..." आणि तो थांबला. त्याला आठवलं. सगळ्यांनाच आठवलं. कोणीही माझ्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तसबीर होडी आणि ते प्राणी यांच्या मधोमध होती. उन्हात तिची काच चमकत होती. ते पिल्लू पुन्हा वर आलं ते चौकटीच्या इतकं जवळ, की चौकट हलली. त्याला ते खेळणं वाटलं की काय, कोण जाणे. त्याची आई पलीकडून आली, पिल्लू परत त्याच बाजूला आलं. मला फक्त तो तडा दिसत होता. प्रत्यक्षात तेवढ्या अंतरावरून दिसणं शक्य नव्हतं, पण तो कुठल्या कोपऱ्यात आहे, त्याची कड कशी आहे, मला पाठ होतं.

"सर, ते काढायला हवं," मी म्हटलं.

सर कुजबुजले, "इंजिन लावलं तर ते जातील ग."

"सर, काच आहे त्याला. फुटलेली आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आधी हे मी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी नाखव्याकडे बघून मान हलवली.

इंजिन लागलं. पहिल्याच आवाजाला तिन्ही पाठी खाली गेल्या. नाखव्यानं होडी वळवली, आकड्याची काठी घालून तसबीर ओढली, मी तिला वर घेतलं. काच आणि कागद यांच्यामधून पाण्याची धार माझ्या मांडीवर लागली. कागद फुगला होता. काकूंनी लावलेलं कुंकू तड्यातून आत ओघळून देवीच्या चेहऱ्यावर पसरलं होतं, नाक-डोळे कळत नव्हते. आणि तड्याच्या कोपऱ्यातला काचेचा त्रिकोणी तुकडा तिथे नव्हता. तो बोटाएवढा असेल. मी सोडली तेव्हा पडला, मी दाबली तेव्हा पडला की आकडा लागून पडला, मला सांगता येणार नाही.

नंतर आम्ही बराच वेळ इंजिन बंद करून थांबलो. ते परत आले नाहीत.

कोणी काही बोललं असतं तर मी माफी मागितली असती. कोणी बोललं नाही. मैत्रिणीनं वेफर्सचं पाकीट पुढे केलं. "खा ना ग, सकाळपासून काही खाल्लं नाहीस." सर म्हणाले, "दिसले तर खरे. पुढच्या वेळी जास्त दिसतील." कॅमेरावाल्या मुलानं मला एक छायाचित्र दाखवलं. त्यात पिल्लाची पाठ होती, पाण्याचे थेंब सुटे दिसत होते आणि डाव्या कोपऱ्यात लाल-पिवळं काही तरी. "हा फोटोच मी काढून टाकू का? म्हणजे तुला नको असेल तर," तो म्हणाला. इतक्या अदबीनं माझ्याशी तो आधी कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, "टाका." त्याच्याकडचं ते एकच चांगलं छायाचित्र होतं, हे मला मैत्रिणीनं नंतर सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तसबीर मी मांडीवर धरली. देवी पायाशी ठेवता येत नाही. पिशवीतून पाणी गळत होतं.

"मच्छी आणली काय?" कंडक्टर म्हणाला. "खाली ठेवा, सीट खराब होते."

"मच्छी नाही."

"मग गळतंय काय?"

मी पिशवी आणखी जवळ ओढली. तो पुढे गेला आणि माझ्या शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

चाळीपाशी पोचले आणि खाली नळाजवळच थांबले. वर जाता येत नव्हतं. निरोप दिलेली देवी मी परत त्या घरात कशी नेणार? इकडेतिकडे बघितलं. कुठे तरी ठेवून द्यावी, उद्या बघू, असंही मनात आलं. तोपर्यंत काकूंनी मला गॅलरीतून बघितलं होतं.

"इलंस? दिसले तुझे बोके?"

मग त्यांना पिशवीचा आकार दिसला असणार. कठड्याला धरत धरत त्या जिना उतरून आल्या. गुडघ्यांमुळे त्या हल्ली खाली येत नसत, भाजीसुद्धा टोपलीनं वर घेत. त्या शेवटच्या पायरीपर्यंत येईतो मी तशीच उभी होते.

"बुडली नाही काकू," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून तसबीर अर्धी वर काढली. पदरानं काच पुसली. पुसून चेहरा दिसणार नव्हता, कुंकू आतल्या बाजूला होतं, तरी त्या पुसत राहिल्या.

"दगड बांधूक माकाच सुचला नाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुमची चूक नाही काकू. मला काल नाही म्हणायचं होतं. मला म्हणता आलं नाही." मग मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. सरांचा नियम, काच, पिल्लू, इंजिन.

काकूंनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्या पिल्लाक लागला काय?"

"माहीत नाही. एक तुकडा गेलाय पाण्यात."

त्यांनी तो मोकळा कोपरा बोटानं चाचपला. "नाय म्हणूचा होता गो," त्या हळूच म्हणाल्या. "मी काय तुका खाल्लं असतंय?"

वरून कोणाचा तरी आवाज आला. आमच्या मजल्यावरची टोकाच्या खोलीतली वहिनी कठड्यावरून वाकली होती, तिच्यामागे आणखी दोघीजणी. "काय ग, सोडलीस का नीट?"

मी वर बघितलं. खरं सांगायला तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं. पण काकू माझ्या आणि जिन्याच्या मध्ये आल्या, पिशवी त्यांच्या पदराआड गेली.

"सोडल्यान हो," त्या वर तोंड करून म्हणाल्या. "खोल पाण्यात. दोन्ही हात जोडून. पोरगी काय टाकून येणारी नाय."

"शिकते, पण विसरली नाही हो," वहिनी म्हणाली.

वरच्या बायका आत गेल्यावर काकूंनी जिन्याखाली ठेवलेल्या गोणीचं तोंड सोडलं. त्यात त्यांची जुनी भांडी होती, सकाळच्या टेम्पोत जायची. त्यांनी परात बाजूला करून तसबीर मध्ये सरकवली.

"काकू, मुलाकडे नेणार?" मी विचारलं. "पण निरोप दिलाय ना तिला."

"ह्या घरातून दिलंय. त्या घरातून खय दिलंय?"

"दादांना काय सांगाल?" त्यांच्या मुलाला मी दादा म्हणते.

"त्याका कित्याक सांगूचा? भांडी म्हणजे भांडी." त्यांनी सुतळी ओढून गाठ मारली आणि माझ्या खांद्याला धरून जिना चढायला लागल्या. वर सगळ्या बायकांनी माझं कौतुक केलं. आईनं दृष्ट काढल्यासारखा माझ्या गालांवरून हात फिरवला. मी आत जाऊन ओला ड्रेस बदलला आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

सकाळी टेम्पो आला. गोणी कोणी तरी उचलून आत फेकली, आतून भांडी वाजली. काकू ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. तो आवाज ऐकून त्यांनी मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढे तोंड केलं.

आम्ही आता वडाळ्याला भाड्यानं राहतो. जुन्या मजल्यावरच्या बायका कुठे लग्नात भेटल्या की अजून ती गोष्ट काढतात. कॉलेजात शिकते, तरी म्हातारीचं काम केलं. आईसुद्धा तसंच सांगते. मी तिला खरं सांगितलेलं नाही, कारण मग काकू खोटं बोलल्या असं होईल. कॉलेजात उलट. तिथे त्या दिवसाबद्दल माझ्यासमोर कोणीच बोलत नाही.

काकूंचा अधूनमधून फोन येतो. पेपर कसे गेले, आईचा खांदा कसा आहे. एकदा मी धीर करून विचारलं, "ती कुठे असते?"

"असा हय. कपाटाच्या मागे. तोंड भिंतीकडे." आणि मग, "दिवो लावूक मिळणा नाय. पण असा."

आणि फोन ठेवण्याआधी दर वेळी त्या तेच विचारतात, "तुझा पिल्लू बरा असात मा गो?"

"असेल काकू," मी म्हणते.

परवा त्या म्हणाल्या, "असात, असात करतंस. परत गेलेलंस काय थंय?"

मी गेले नव्हते. यंदाच्या हिवाळ्यातली होडी ठरली आहे. सरांनी वर्गात विचारलं तेव्हा मी वहीत काही तरी लिहीत बसले आणि हात वर केला नाही. सरांनीही आग्रह केला नाही.

"नाही गेले," मी म्हटलं.

"मगे जा. बघून ये. आणि माका काय ता खरा सांग."

नावं शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत. सरांच्या खोलीपर्यंत मी एकदा जाऊन आले. दार उघडं होतं, ते पेपर तपासत होते. उद्या पुन्हा जाईन.